शब्दचर्चा: बुंगुल, इन्मा, जुन्बा यांना मराठीत काय म्हणावं?

पानवेल: दिवाळी अंकासाठी ऑस्ट्रेलियातल्या गार्मा उत्सवावर लिहिते आहे. मसुद्यात 'आदिवासी लोकनृत्य महोत्सव' आणि 'पारंपरिक संस्कृतीचे जतन' असं लिहिलंय. दोन्ही खटकतंय. शब्दकोशात तिथल्या आदिवासींच्या नाचासाठी 'कॉरोबोरी' हा शब्द सापडला, तो चालेल का?

सागवान: पानवेलताई, 'कॉरोबोरी' टाळा. तो सिडनी परिसरातल्या धारुग भाषेतून गोऱ्या वसाहतवाल्यांनी उचलला आणि सगळ्या खंडातल्या नाचांना सरसकट लावला. पुढे ऑस्ट्रेलियन इंग्रजीत त्याचा अर्थ कुठलाही गलबल्याचा जमाव असाही झाला. आपल्याकडे 'गोंधळ' आणि 'तमाशा' यांचं बोलीत जे झालं तेच. फरक इतकाच की गोंधळ आपलाच आणि घसरवलाही आपणच. तिथे मात्र एका समाजाचा शब्द परक्यांनी नेला आणि अडीचशेहून अधिक भाषांच्या माणसांवर लादला.

ज्यांचा नाच त्यांचा शब्द ठेवावा. गार्मा ईशान्य आर्नहेम लँडमध्ये गुलकुला इथे भरतो, 1999 पासून, आणि यजमान आहेत योल्ङु लोक. त्यांचा शब्द 'बुंगुल'. मध्य ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटातले अनांगू लोक 'इन्मा' म्हणतात, वायव्येकडच्या किंबर्लीत 'जुन्बा', वार्लपिरी लोकांत 'पुर्लपा'.

आता 'लोकनृत्य'. हा शब्द इथे मला मुळीच पटत नाही. लोकनृत्य म्हटलं की ते सगळ्यांचं, कुणीही शिकावं, स्नेहसंमेलनात बसवावं. योल्ङु जगात माणूस, झाड, वारा, पाण्याची जागा, सगळं 'धुवा' किंवा 'यिरित्जा' या दोन अर्धांपैकी एकात मोडतं. 'मणिकाय' म्हणजे गाणी त्या त्या कुळाची असतात. पूर्वज कुठून आले, कुठे थांबले, कुठल्या जागेला काय नाव दिलं, हे त्यांत असतं. ते गाणं म्हणण्याचा, त्यावर नाचण्याचा हक्क कुणाचा हे ठरलेलं असतं, आणि ती जमीन कुणाची हेही त्यातूनच दिसतं. आपल्या भाषेत तो सातबाराच आहे. 1963 मध्ये यिर्कलाच्या योल्ङु लोकांनी बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध संसदेकडे अर्ज पाठवला, तो झाडाच्या सालीवर चिकटवून, भोवती कुळांची चित्रं रंगवून. तो नुसता सुशोभित कागद नव्हता, जमीन कुणाची याचा तो पुरावा होता. संध्याकाळी गार्माच्या मैदानात अंगाला पांढरी माती लावून, 'बिल्मा' म्हणजे टाळकाठ्या आणि 'यिडाकी' या फुंकवाद्याच्या सुरावर जी मंडळी पाय आपटतात, तीही तेच सांगत असतात.

म्हणून मी म्हणेन, पहिल्यांदा 'बुंगुल' लिहा आणि अर्थ म्हणून 'विधिनाच' द्या. आपल्या लोकसाहित्याच्या अभ्यासात 'विधिनाट्य' रुळलेला आहेच, वाचकाला कळेल. यिडाकी म्हणजे डिजेरिडू, वाळवीने पोखरलेल्या निलगिरीच्या खोडाचं वाद्य, हेही जाता जाता सांगून टाका.

जव्हारवाट: सागवानभाऊंशी सहमत. आमच्याकडे वारली माणूस 'तारपा नाच' किंवा नुसतं 'नाच' म्हणतो. 'तारपा नृत्य' हे स्टेजवरचं, 9 ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या फलकावरचं. पण 'आदिवासी' या शब्दाचं काय? 'मूलनिवासी' लिहावं का?

सागवान: 'मूलनिवासी'ला महाराष्ट्रात बहुजन चळवळीचा विशिष्ट राजकीय अर्थ आहे, वाचक भलतीकडे जाईल. 'आदिवासी' समजतो, एकदा वापरायला हरकत नाही. त्यापुढे योल्ङु, अनांगू असंच लिहावं. आणि टॉरेस सामुद्रधुनीतले बेटवासी वेगळे, त्यांना यात मिसळू नये.

'जतन'बद्दल राहिलंच. जतन म्हणजे ठेवा कुठेतरी बंदोबस्तात ठेवणं. मिशनच्या काळात अनेक ठिकाणी मुलांना आईबापांपासून तोडलं, भाषा आणि विधी बंद पाडले. तेव्हा जतन झालं ते बरंचसं ध्वनिफितींवर, दूरच्या शहरांतल्या संग्रहांत. किंबर्लीतल्या जुन्या जुन्बा गायकांच्या फिती पुढे त्यांच्या वस्त्यांवर परत पोचल्या, आणि वर्षानुवर्षं कुणी न नाचलेली गाणी पुन्हा पायांत आली. डर्बीजवळच्या मोवान्जुमच्या वार्षिक उत्सवात लहान मुलं जुन्बा नाचतात. केप यॉर्कमधल्या लॉरा गावी दर दोन वर्षांनी वस्त्यावस्त्यांचे नाचगट जमतात, तिथेही म्हाताऱ्यांच्या शेजारी पोरं असतात. याला आपण मराठीत 'चालवणं' म्हणतो. घराणं चालवतात, वारी चालवतात, कुळाचार चालवतात. 'परंपरा जपली' लिहिलं तर नाचणारी माणसं दिसत नाहीत, 'चालवली' म्हटलं की दिसतात.

पानवेल: 'चालवणं' घेतेच. शीर्षक असं केलंय: 'गार्मा: बुंगुल चालवणारी माणसं'. एक अडलंय. बुंगुल तो, ती की ते?

जव्हारवाट: नाच तो, गोंधळ तो, म्हणून 'बुंगुल झाला'.

सागवान: हो. इन्मा मात्र कानाला 'ती' वाटते, आणि जुन्बा 'तो'. इतरांनी सांगावं.