कोटेशनसाठी दिलेला नंबर गावभर कसा फिरतो?

तापीकाठ: मागच्या महिन्यात वडिलांसोबत ट्रॅक्टरचं नुसतं कोटेशन आणायला गेलो. काउंटरवरच्या पोराने नाव, गाव, किती एकर, मोबाईल असं सगळं वहीत उतरवून घेतलं. यावलला पोहोचायच्या आत पहिला फोन: कर्ज पाहिजे का? संध्याकाळी विमावाला. दुसऱ्या दिवशी 'दादा, रोटाव्हेटर बघता का?' आता वडील फोन उचलला की आधी विचारतात, "कोन बोली ऱ्हायना, कर्जवाला का?" परवा तर उचललाच नाही. तो केळीचा व्यापारी होता, बागेत गाडी लावायची होती. गाडी दुसऱ्याच्या बागेत गेली.

कोटेशनचा नंबर कोटेशनपुरता. पुढे कोणाला द्यायचा तर आधी मला विचारा.

आग्रारोड_धुळे: मी कापड दुकानदार, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितो. नंबर आम्ही घेतो. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला नवा माल आला की व्हॉट्सॲपवर टाकतो, आणि लोक ते पाहूनच येतात. उधारीवाल्याचा नंबर नको, तर काय त्याच्या ओट्यावर जाऊन बसू? ऑनलाइनवाल्यांकडे तुमचा पत्ता आहे, शर्टाचं मापही आहे, तिथे कोणाचा आवाज निघत नाही. आणि प्रदर्शनात मिक्सर लागेल म्हणून लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर उत्पन्नासकट सगळं कोण लिहितं? सगळं खापर दुकानदारावर फोडू नका.

तापीकाठ: उधारीचं मान्य. पण रोखीने रुमाल घेतला तरी नंबर? मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने स्पष्ट सांगितलंय, नंबर दिला नाही म्हणून गिऱ्हाइकाला अडवू नका.

आग्रारोड_धुळे: बिलाचं सॉफ्टवेअर पुढे सरकत नाही हो!

चाळीसगावकर: मी तिथे माझा बंद पडलेला जुना नंबर सांगतो. सॉफ्टवेअर खूश. (खरी भीती झेरॉक्सच्या दुकानाची. आख्ख्या गावाची आधार कार्डं त्याच्या व्हॉट्सॲपमध्ये पडून आहेत, त्यावर कोणी बोलत नाही.)

भुसावळ_जंक्शन: भांडण चालू द्या, तोवर १९०९ वर फोन करून डीएनडी, म्हणजे 'जाहिरातीचे फोन नकोत' अशी नोंद करा. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे नंबर आहेत, बँका-विम्याच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ने. साध्या दहा आकडी नंबरवरून कोणी कर्ज विकत असेल तर ७ दिवसांत तक्रार करा. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियमांत केलेल्या दुरुस्तीपासून त्यासाठी आधी डीएनडी नोंदलेलं असायची अट नाही.

नंदुरबारची_पोर: मी आठ महिने नाशिकला फोन लावायचं काम केलंय. शिव्या कंपनीचा मालक खात नाही, आम्ही खायचो. एकाने विचारलं, "घरी आईबाप नाहीत का?" आहेत ना, त्यांच्याचसाठी तर बसले होते. नको असेल तर कट करा, आई काढू नका. पण आमच्यासमोरच्या यादीत नाव-गावाशेजारी एक रकाना असायचा: कशाची चौकशी केली होती. यादी कुठून आली ते कोणी सांगत नसे. म्हणून तापीकाठ भाऊंचं मला खोटं वाटत नाही.

तापीकाठ: ताई, वडील एकीवर ओरडले होते. त्यांना हे वाचून दाखवतो.

आग्रारोड_धुळे: रकान्याचं ऐकून मलाही कसंतरी झालं. पण उपाय काय? २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य बंधनांना १८ महिन्यांची मुदत. दंडाची कमाल २५० कोटी! आमचं दुकान, फर्निचर आणि मला विकलं तरी तेवढे येणार नाहीत. लहान दुकानदाराने आता वकील ठेवायचा का?

भुसावळ_जंक्शन: ती कमाल आहे दादा, रुमालामागे नाही. ज्या कामासाठी संमती घेतली तेवढ्याच कामाला माहिती वापरायची, एवढं तरी आजपासून पाळा.

तापीकाठ: आणि वही काउंटरवर उघडी टाकू नका. त्या दिवशी माझ्या नावाच्या वरची अकरा नावं मी उभ्या उभ्या वाचली. एक तर आमच्या सोयऱ्यांचं होतं, घरी ट्रॅक्टर नको म्हणत होते!

आग्रारोड_धुळे: वही गल्ल्यात ठेवली. सॉफ्टवेअरवाल्यालाही सांगतो, नंबरचा रकाना मोकळा चालू दे म्हणून. फक्त तो माणूस कधी फोन उचलत नाही.