शब्दचर्चा : ‘इन्सेंटिव्ह’ला सरसकट ‘अनुदान’ म्हणावे का? (वीज कंपनी आणि चार्जिंग केंद्रे)

गोदाकाठ

विजेवरच्या गाड्यांच्या चार्जिंगविषयी नाशिकमधल्या सोसायट्या, हॉटेलवाले आणि पंपमालक यांच्यासाठी एक माहितीपत्रक मराठीत करायचे आहे. मूळ मजकुरात ‘इन्सेंटिव्ह’ हा शब्द पानापानावर आहे. गाडी घेणाऱ्याला मिळणारे पैसे हा त्याचा विषयच नाही. चार्जिंगची सोय उभी करावी म्हणून वीज वितरण कंपनीला काय मिळते, यावर तो आहे. अनुदान, सवलत, सूट, परतावा, प्रोत्साहन असे शब्द हाताशी आहेत. शासकीय कागदांत ‘प्रोत्साहने’ असे अनेकवचन दिसते, ते मला खटकते. सगळीकडे ‘अनुदान’ लावले तर चालेल का?

निफाडकर

नाही चालणार. अनुदान म्हणजे सरकारी तिजोरीतून, ठरलेल्या कामासाठी, अट पूर्ण केल्यावर मिळालेला पैसा. आपल्या जिल्ह्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २०२३ मध्ये कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये मिळाले, तेही २०० क्विंटलच्या मर्यादेत, त्याला लासलगावापासून सटाण्यापर्यंत सगळे ‘कांदा अनुदान’च म्हणाले. त्याउलट नियमित कर्जफेड करणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत जे दिले, त्याला शासनाने ‘प्रोत्साहनपर लाभ’ म्हटले. पैसा दोन्हीकडे तिजोरीचाच. पण पहिला तोटा भरून काढायला आहे आणि दुसरा चांगल्या वागणुकीबद्दल. शेतकऱ्याच्या बोलण्यात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी येत नाहीत.

‘प्रोत्साहने’बद्दल सहमत. उत्साहाचे अनेकवचन मराठीत होत नाही, मग प्रोत्साहनाचे कसे होईल? ‘प्रोत्साहनपर लाभ’, ‘प्रोत्साहनपर रक्कम’ असे विशेषण करून वापरा.

लेखापाल

वीज कंपनीच्या बाबतीत खरी मेख वेगळीच आहे, आणि शब्द चुकला तर वाचक नेमका तिथेच फसतो. कंपनीला कामाकडे ओढणारा पैसा बहुतांशी तिजोरीतून येत नाही. तो वीजदरातून येतो.

वितरण कंपनी जे भांडवली काम करते, ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मान्य केले की त्याचा घसारा (मालमत्तेच्या झिजेपोटी धरलेला खर्च), कर्जावरचे व्याज आणि भागभांडवलावरचा, म्हणजे मालकांनी गुंतवलेल्या पैशावरचा, परतावा हे सगळे तिच्या वार्षिक महसुली गरजेत (वर्षभरात मिळायला हव्या त्या रकमेत) धरले जाते, आणि ती गरज सर्व ग्राहकांच्या दरातून भागवली जाते. कर्ज आणि भागभांडवल यांचे प्रमाण सर्वसाधारणपणे ७०:३० धरतात.

आता आकडे मांडतो. परताव्याचा दर फक्त उदाहरणासाठी १५ टक्के घेतला आहे. एका चार्जिंग केंद्रासाठी ११ केव्हीची लाइन, रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आणि केबल मिळून २० लाखांचे काम आहे.

कंपनीने स्वतःच्या भांडवलातून केले : भागभांडवल ६ लाख, वर्षाचा परतावा ९० हजार.

८० टक्के अनुदान मिळाले : १६ लाख अनुदानाचे वजा झाले, उरले ४ लाख. त्यातले भागभांडवल १ लाख २० हजार, वर्षाचा परतावा १८ हजार.

सगळा खर्च अर्जदाराने केला : परतावा शून्य.

कारण अनुदानातून किंवा ग्राहकाच्या अंशदानातून उभ्या राहिलेल्या मालमत्तेवर कंपनीला परतावाही मिळत नाही आणि घसाराही धरता येत नाही. आयोगाच्या बहुवार्षिक दर विनियमांची ही रीत आहे आणि ती योग्यच आहे. दुसऱ्याच्या पैशावर कंपनीने नफा का घ्यावा?

म्हणून ‘वीज कंपनीला अनुदान मिळाले, आता ती उत्साहाने केंद्रे उभारील’ हे वाक्य मराठी म्हणून बिनचूक आहे, पण अर्थाने उलटे पडू शकते. अनुदानाने ग्राहकांवरचा बोजा हलका होतो. कंपनीचा उत्साह वाढवतो तो परतावा. माहितीपत्रकात हे दोन शब्द वेगळे ठेवाच.

गोदाकाठ

हे माझ्या ध्यानात आले नव्हते. पण ‘परतावा’ म्हटले की लोकांना आयकराचा परतावा आठवतो, म्हणजे आपलेच जास्त गेलेले पैसे परत येणे.

लेखापाल

बरोबर, या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. भांडवलावरचा परतावा आणि भरलेल्या रकमेचा परतावा. चार्जिंगच्या कामात दोन्ही एकाच फाइलमध्ये भेटतात. पहिल्याला दरवेळी ‘भांडवलावरील परतावा’ असे पूर्ण लिहा, दुसऱ्याला ‘रक्कम परत’ म्हणा.

दुसरा अर्थ अर्जदाराच्या खिशाशी बांधलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर. महावितरणकडे नवी जोडणी घेताना पायाभूत काम अर्जदाराने करायचे दोन मार्ग आहेत. डीडीएफ म्हणजे फक्त तुमच्यासाठीची स्वतंत्र वितरण सुविधा. तिचा खर्च तुमचा, पैसे परत नाहीत. दुसरा नॉन-डीडीएफ सीसी अँड आरएफ. यात खर्च आधी तुम्ही करता आणि तो पुढच्या वीजबिलांतून वळता होतो. अर्जावर किंवा ठेकेदाराने भरलेल्या कागदावर ‘डीडीएफ’ पडले की पुढे परतीचा प्रश्नच उरत नाही. मंजूर अंदाजपत्रकात कोणता शब्द छापला आहे, हे पैसे भरण्याआधी वाचावे. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करायचे आणि वळते होताना मंजूर अंदाजपत्रकाचा आकडा धरला जातो. त्याहून जास्त खर्च केला तर तो आपला.

माहितीपत्रकात या रकमेला ‘अनुदान’ म्हणणे सरळ चूक ठरेल. ती तुमचीच रक्कम आहे, उसनी दिलेली.

सातपूरकर

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ‘इन्सेंटिव्ह’ हा शब्द आधीच एका अर्थाने रुळलेला आहे, तो लोड फॅक्टरचा. उच्चदाब उद्योगाने मंजूर मागणीच्या (कंपनीने मंजूर केलेल्या कमाल भाराच्या) मानाने वीज सतत आणि भरपूर वापरली की बिलात टक्केवारीने सूट मिळते. त्या महिन्यात मागणी मंजुरीपेक्षा वर गेली की ती जाते. म्हणून इथल्या माणसाला ‘वीज कंपनीचा इन्सेंटिव्ह’ म्हटले तर कंपनीने ग्राहकाला दिलेला, असेच वाटेल. तुमच्या मजकुरात दिशा उलटी आहे. ‘वीज कंपनीला’ हा शब्द पहिल्या ओळीतच ठळक येऊ द्या.

सूट आणि सवलत यांतही फरक ठेवावा. सूट बिलात वजा होऊन दिसते, सवलत दरातच मुरलेली असते.

गोदाकाठ

मग चार्जिंग केंद्रांचा सौर तासांतला दर ‘सवलतीचा दर’ म्हणायचा का? केंद्र सरकारच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि बाकीच्या वेळी १.३ पट असे आहे.

लेखापाल

०.७ ला सवलत म्हटले तर १.३ ला अधिभार म्हणावे लागेल. एकच बाजू छापली तर रात्री गाडी लावणारा फसेल. ‘वेळेनुसार दर’ असे मथळ्यात घ्या आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्या.

त्याच सूचनांतला ‘सिंगल पार्ट’ दर हाही सवलतीचाच एक प्रकार आहे, फक्त शब्दात ते दिसत नाही. ‘एकभागी दर’ म्हणजे वेगळा स्थिर आकार नाही, जेवढे युनिट तेवढे पैसे. ६० किलोवॉटचा चार्जर दिवसाला दोन तास चालला तर महिन्याला साधारण ३,६०० युनिट होतात. ६५ केव्हीएला समजा १०० रुपयांप्रमाणे मागणी आकार (मंजूर भारावर लागणारा स्थिर आकार) लागला असता, तर ६,५०० रुपये त्या ३,६०० युनिटांवर पडून प्रत्येक युनिट १ रुपया ८० पैशांनी महागले असते. तोच चार्जर आठ तास चालला तर हा बोजा ४५ पैशांवर येतो. नवे केंद्र पहिली दोनतीन वर्षे रिकामेच असते. एकभागी दर त्याला जगवतो.

जाता जाता, वीजबिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असे ‘आकार’ छापलेले असतात. ‘चार्ज’साठी हा मराठी शब्द इतकी वर्षे रुळलेला असताना ‘फिक्स्ड चार्जेस’ लिहू नका. गाडीच्या ‘चार्जिंग’ला मात्र हात लावू नका. ‘प्रभारण’ कुणी म्हणत नाही, आणि ‘प्रभारी’ म्हटले की पोलीस ठाणे आठवते.

तारमार्ग

मला ‘अपस्ट्रीम’बद्दल, म्हणजे चार्जरच्या आधीच्या विजेच्या कामाबद्दल, लिहायचे आहे. विजेवरच्या गाड्यांसाठीच्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत एकूण १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी सार्वजनिक चार्जिंगसाठी ठेवले आहेत, आणि त्यातून याच ‘अपस्ट्रीम’ कामांना अनुदान आहे. मॉल, बाजारपेठ, रस्त्यालगतची जागा असेल तर अपस्ट्रीम खर्चाच्या ८० टक्के, चार्जरला काही नाही. म्हणजे या शब्दाची हद्द कुठे संपते यावर लाखो रुपये अवलंबून आहेत.

‘ऊर्ध्वप्रवाही पायाभूत सुविधा’ असे एक भाषांतर वाचले. गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला काही बांधायचे आहे, असे वाटते. ‘डीपीसह चार्जरपर्यंतचे विजेचे काम’ म्हणा. ‘रोहित्र’ बिलावर आणि कागदावर असतेच, पण सोसायटीच्या सभेत ‘डीपी’च चालते. या कामात येते ते असे : रोहित्र, उच्चदाब व लघुदाब केबल, वितरण पेटी, ब्रेकर आणि आयसोलेटर, संरक्षण उपकरणे, कुंपण व पाया.

हे काम खर्चिक का होते, तेही एका परिच्छेदात यावे. ६० किलोवॉटचा डीसी चार्जर पूर्ण भाराला दर फेजला साधारण ९० अँपिअर ओढतो. गल्लीतली १०० केव्हीएची डीपी पूर्ण भाराला १३३ अँपिअरची. संध्याकाळी तिच्यावर आधीच घरांचे ७०-८० अँपिअर असतील, तर चार्जर लागताच भार १६० च्या पुढे जातो. आधी किटकॅट (फ्यूज) तापतो, मग जळतो, आणि अख्खी गल्ली अंधारात बसते. जाड तार टाकून फ्यूज टिकवला तर रोहित्राचे तेल तापत राहते आणि एखाद्या उन्हाळ्यात रोहित्रच जाते. डीपी लांब असेल तर दुसरा त्रास. व्होल्टेज ४१५ च्या १० ते १५ टक्के खाली गेले की चार्जर स्वतःच थांबतो, आणि लोक म्हणतात चार्जर बिघडला. म्हणून दोन ६० किलोवॉटचे चार्जर लावायचे तर स्वतंत्र २०० केव्हीएचे रोहित्र, आणि प्रत्येक चार्जरला स्वतंत्र १२५ अँपिअरचा एमसीसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा ब्रेकर).

गोदाकाठ

मूळ मजकुरातल्या अमेरिकेच्या उदाहरणात ‘मेक-रेडी’ असा शब्द आहे. तोही हाच का?

तारमार्ग

जवळपास हाच. न्यूयॉर्क राज्याच्या वीज नियामक आयोगाने जुलै २०२० मध्ये ७० कोटी १० लाख डॉलरचा ‘मेक-रेडी’ कार्यक्रम मंजूर केला. चार्जर सोडून बाकीची सगळी विजेची तयारी त्यात येते. मराठीत ‘चार्जरपूर्व कामे’ छान बसते. ‘सज्जता’ म्हटले की मॉकड्रिल वाटते.

लेखापाल

आणि पैसा कुणाचा, हे तिथेही सांगा. तो निधी वीज कंपन्यांच्या ग्राहकांच्या दरातून वसूल होणारा आहे, राज्याच्या अर्थसंकल्पातला नाही. खांबाकडचे काम कंपनीच्या मालमत्तेत जमा होते, ग्राहकाच्या बाजूच्या कामाला कंपनी अर्थसाहाय्य देते. ‘न्यूयॉर्क सरकारने अनुदान दिले’ असे मराठीत छापून आले तर ते चूक आहे.

सातपूरकर

‘ग्राहकाच्या बाजूचे’ यावरून एक धोका. ‘बिहाइंड द मीटर’चे भाषांतर ‘मीटरच्या मागे’ करू नका. खांबावर काम करणारा मीटरच्या मागे म्हणतो तेव्हा त्याला खांबाकडची बाजू अभिप्रेत असते, आणि घरमालकाला घरातली. शहर बससाठीच्या केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेच्या कागदांतही हा शब्द आहे, तिथे तर आगाराच्या उपकेंद्राचा खर्च त्यावर ठरतो. ‘मीटरपर्यंतचे काम’ आणि ‘मीटरनंतरचे काम’ असे लिहा. यात घोळ होत नाही.

निफाडकर

आणखी एक शब्द, ‘व्यवहार्यता तफावत निधी’. राज्याच्या नव्या ई-वाहन धोरणाच्या चर्चेत तो येतो. अर्थ सोपा आहे : केंद्र चालवून जेवढे पैसे सुटत नाहीत, तेवढ्याची सुरुवातीला भरपाई. ‘तूट भरून देणारा निधी’ म्हटले तर सिन्नरच्या ढाबेवाल्यालाही कळेल. कंसात शासकीय नाव ठेवा, अर्ज करताना तेच लागेल.

जुन्या आणि नव्या धोरणाचे आकडे मात्र एकत्र करू नका. २०२१ च्या धोरणात संथ चार्जरला किमतीच्या ६० टक्के, कमाल १० हजार, आणि जलद चार्जरला ५० टक्के, कमाल ५ लाख असे होते, तेही ठरावीक संख्येपुरते. अनेक संकेतस्थळांवर हेच आकडे अजून ‘मिळते’ अशा वर्तमानकाळात आहेत. तुम्ही ‘होते’ लिहा.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला परिच्छेद असा केला आहे, पाहा :

‘चार्जिंगची सोय उभारण्यासाठी वीज वितरण कंपनीला दोन मार्गांनी पैसा मिळतो. पहिला, सरकारकडून अनुदान. ते चार्जरपूर्व कामांच्या खर्चातून वजा होते. दुसरा, कंपनीने स्वतः गुंतवलेल्या भांडवलावरील परतावा; आयोगाने मान्य केल्यास तो सर्व ग्राहकांच्या वीजदरातून मिळतो. अर्जदाराने स्वतः केलेला खर्च काही प्रकारांत वीजबिलातून परत मिळतो. तो अनुदान नव्हे.’

लेखापाल

उत्तम. एकच दुरुस्ती. ‘काही प्रकारांत’ काढा आणि ‘काम नॉन-डीडीएफ सीसी अँड आरएफखाली मंजूर असेल तरच’ असे घाला. ‘काही प्रकारांत’ वाचून प्रत्येकाला आपला प्रकार त्यातलाच वाटतो.