ट्रान्सफर फी बंद करा म्हणता, मग पोरं घडवणाऱ्या क्लबाचं काय?

कामठी लेफ्टबॅक:
धरमपेठ-पंधरा यांनी काल लिहिलं की फुटबॉलचा बैलबाजार झालाय, रग्बीसारखं करा: करार संपेस्तोवर खेळा, मग मोकळे, फी बंदच. वाचून डोकं तापलं. फी, म्हणजे करारातला खेळाडू घेताना नवा क्लब जुन्याला देतो तो पैसा, फक्त विकणाऱ्याच्या तिजोरीत जात नाही, भाऊ. कराराच्या मध्यात पोरगा परदेशी क्लबाला विकला गेला की फिफाच्या नियमानं फीतले ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांचे असतात. वय १२ ते १५ च्या दर वर्षामागे फीच्या ०.२५ टक्के, १६ ते २३ मागे ०.५ टक्के. इथे नागपुरात १२ ते १५ खेळलेला पोरगा पुढे १ कोटीला थायलंडला गेला, तर इथल्या क्लबाला १ लाख. बॉल, जाळ्या, मैदानाचं भाडं, सगळं त्यातून भागतं.

धरमपेठ-पंधरा:
अर्धंच सांगता. युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बॉसमन निकालानंतर करार संपला की फुटबॉलपटूही फुकट जातो, शेवटच्या सहा महिन्यांत दुसऱ्या क्लबाशी करारही करतो. तिथे तुमचे ५ टक्के कशाचे? उलट ट्रेनिंग कॉम्पेन्सेशन, म्हणजे घडवणाऱ्या क्लबाला प्रशिक्षणाच्या खर्चाची भरपाई, करार संपल्यावरही मिळतं, त्याला फी लागत नाही. आणि रग्बीत शिस्त आहे. पगाराची मर्यादा मोडली म्हणून इंग्लंडच्या सारासेन्स क्लबाचे २०१९ मध्ये ३५ गुण कापले, वर दंड, शेवटी खालच्या विभागात पाठवलं. फुटबॉलात मोठ्या क्लबाला असं कोण करतं?

कामठी लेफ्टबॅक:
त्याच मर्यादेत राहून इंग्लंडचेच रग्बी क्लब वूस्टर आणि वॉस्प्स २०२२ मध्ये कर्जात बुडाले, पुढच्या वर्षी लंडन आयरिश. काय वाचवलं शिस्तीनं? कॉम्पेन्सेशनचं म्हणणं बरोबर, मान्य. पण ते २३ व्या वर्षापर्यंतच. फिफा प्रशिक्षणाच्या खर्चावरून क्लबांच्या श्रेणी लावते, आणि १२ ते १५ ची वर्षं चौथ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या दरानं मोजतात, आशियात वर्षाला २,००० डॉलर. खेळाडू चौथ्या श्रेणीच्या क्लबात गेला तर तेही नाही. महिला फुटबॉलला तर हा नियमच लागू नाही.

मोहननगर स्टॉपर:
तुम्ही दोघं कागदावरच भांडून राहिले. फी राहो की जावो, नागपुरात पैसा येणारच नाही, कारण नोंदणीच नाही! पोरगा १२ व्या वर्षी खेळायला लागतो, नाव क्लबाच्या वहीत. फुटबॉल महासंघाकडे ऑनलाइन नोंद होते १७ व्या वर्षी, पुण्या-गोव्याला जाताना. नोव्हेंबर २०२२ पासून हा पैसा फिफाच्या क्लिअरिंग हाऊसमधून, म्हणजे हिस्से वाटणाऱ्या संस्थेतून जातो, आणि ते पाहतं इलेक्ट्रॉनिक प्लेअर पासपोर्ट, म्हणजे खेळाडू कधी कोणत्या क्लबात होता याची नोंद. त्यात पहिली पाच वर्षं कोरी, मग हिस्सा कोणाला द्यायचा? जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, तर एकाच पोराच्या दोन नोंदी होतात आणि वर्षं तुटतात.

सदर सेक्रेटरी:
सोपं आहे बोलणं. क्लबात एक सेक्रेटरी, तोच कोच, तोच मैदानावर चुन्याच्या रेषा मारणारा. दर हंगामात प्रत्येक पोराचा फोटो, दाखला, पालकांची सही. अर्धे आईबाप कामावर. हे कोणी करायचं?

मोहननगर स्टॉपर:
एनओसी, म्हणजे दुसऱ्या क्लबात जायचं ना-हरकत पत्र, अडवायला वेळ मिळतो तेवढा! लेखी करार नाही, मानधन नाही, तरी पोराला सोडत नाही. तोच वेळ नोंदणीला द्या. जूनमध्ये एक रविवार, सगळ्यांना मैदानावर बोलवा, नाव दाखल्याशी अक्षर-अक्षर ताडून पहा, हंगामाची सुरुवात-शेवट तारखेनिशी भरा. पुढच्या वर्षी फक्त नूतनीकरण.

सदर सेक्रेटरी:
एनओसीचा विषय काढू नका. मोठा क्लब मे महिन्यात फोन करून पोरगा उचलतो, आम्हाला विचारतही नाही. अडवलं नाही तर आमच्या हातात उरतं काय?

धरमपेठ-पंधरा:
नोंद उरते. नोंद पक्की असती तर अडवायची गरज पडली नसती, इतपत मोहननगरवाल्यांचं मी मानतो. फीचं मात्र मानत नाही. गोव्याचा पोरगा कोलकात्याला गेला तर फिफाचे ते ५ टक्के लागतच नाहीत, आणि आपली बहुतेक पोरं देशातच फिरतात.

कामठी लेफ्टबॅक:
मग देशातल्या बदल्यांनाही तोच हिस्सा लावा म्हणून लिहा ना. फी बंद करा काहून लिहिता?