घर भाड्याने द्यायचंय, पण पहाटे तीनला कुत्री… (आपापले अनुभव सांगा)

वारज्यात आमचा टू बीएचके आहे, पहिला मजला, बेडरूम रस्त्याच्या बाजूला. दीड वर्षात दोन भाडेकरू गेले आणि दोघांचं कारण एकच, कुत्री. समोर चिकन सेंटर आहे. रात्री दहाला त्याचं शटर पडलं की सात-आठ जणांची सभा भरते आणि तिचं भांडणात रूपांतर व्हायला साधारण तीन वाजतात. पहिला मुलगा अमेरिकेच्या वेळेवर काम करणारा. दोनला लॅपटॉप मिटायचा, तीनला खिडकीखाली सुरू. सहा महिन्यांचा लॉक-इन होता तरी पाचव्या महिन्यातच म्हणाला, "काका, डिपॉझिटमधून कापा, पण मला सोडा." नाही कापले. दुसऱ्या कुटुंबात तान्हं बाळ होतं, त्यांना तर थांबा म्हणायलाही तोंड नव्हतं.

आता दोन महिने घर रिकामं आहे. मेंटेनन्स मात्र भरतोय. एजंट म्हणतो, "फ्लॅट दुपारी दाखवायचा, कुत्र्यांचा विषय काढायचाच कशाला?"

ज्यांनी घर भाड्याने दिलंय आणि आजूबाजूच्या प्राण्या-पक्ष्यांनी ज्यांना घाम फोडलाय, त्यांनी लिहा. उपाय हवेतच, फजितीही चालेल. फक्त 'काहीतरी खायला घाला' छाप सल्ले नकोत. ते सोसायटीच्या ग्रुपवर पोटभर मिळालेत.

*

कर्वेनगर, पुणे

काका, तुमच्याइतकीच कुत्री आमच्या गल्लीत होती. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू रोज सकाळी चहाच्या वेळेला तक्रार घेऊन खाली यायचा. शेवटी महापालिकेला कळवलं. गाडी आली, पाच नेली, दोन पळाली. हा खूश. आठवड्याने पाचही परत हजर! तो माझ्यावरच चिडला, "ताई, तुम्ही तर म्हणालात नेली."

नेली ती नसबंदीला. जिथून उचललं तिथेच परत सोडायचं हा नियम २००१ पासून आहे, २०२३ च्या नव्या नियमांतही तोच आहे. कानाचा कोपरा कापलेला दिसला की समजायचं, हिचं ऑपरेशन झालंय. पैसे देऊन परस्पर लांब कुठेतरी सोडून येणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय रिकाम्या जागी नवी टोळी येते आणि नव्यांची भांडणं जास्त.

फरक लगेच नाही पडला. पुढच्या भाद्रपदात पडला. त्या महिन्यात आमच्याकडे रात्रभर जो धिंगाणा चालायचा तो निम्म्याने कमी झाला.

पण खरं काम झालं ते वेगळ्याच गोष्टीने. सोसायटीतल्या एक बाई रात्री साडेअकराला, दिवसभराचं आवरून झालं की, आमच्या बेडरूमखालीच दूधभाताचे वाडगे मांडायच्या. त्यांना 'बंद करा' म्हणून तीन जण भांडून आले होते, बाई हट्टालाच पेटल्या. मी एवढंच म्हटलं की आठ वाजता मागच्या गेटपाशी घालाल का, मी पाणी भरून ठेवत जाईन. लगेच हो म्हणाल्या. सोसायटीने खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवून द्यायची हेही २०२३ च्या नियमांत आहे, पण मला ते काढावंच लागलं नाही. तुमच्या चिकनवाल्याला आधी झाकणाचा पिंप घ्यायला लावा. सभेला जेवण नसेल तर सभासद येत नाहीत.

*

ठाणे

आमची गंमत ऐका. भाडेकरू घरून काम करणाऱ्या. शेजारच्या फ्लॅटमध्ये बीगल, मालक-मालकीण दोघं सकाळी नऊला बाहेर. भाडेकरूंचा मला मेसेज, "तुमच्या शेजाऱ्यांचा कुत्रा दिवसभर विव्हळतो, मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू जातं." शेजारी म्हणणार आमचा कुत्रा शहाणा आहे. सेक्रेटरी म्हणणार सोसायटीत कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही. (बरोबरच आहे त्यांचं, तसं पत्रक प्राणी कल्याण मंडळाने काढलेलं आहे.)

मी भाडेकरूंना सांगितलं, आठ दिवस वहीत वेळा लिहून ठेवा. त्यांनी लिहिल्या. भुंकणं नाहीच, सगळं विव्हळणं, सकाळी साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यान, थांबून थांबून. काही अर्थ लागेना. म्हणून एका शनिवारी मी जाऊन बसले. लिफ्ट जुनी, सरकत्या जाळीच्या दाराची. कुरिअरवाला दार उघडं टाकून गेला आणि लिफ्टमधून ती शिट्टीसारखी धून वाजायला लागली, दार लावा म्हणून. दुसऱ्या सुरावर बीगलने आतून सूर लावला. धून थांबली, हा थांबला. अक्षरशः संगत करत होता!

लिफ्टवाल्याने ती धून काढून साधा टूं-टूं बसवला. विषय संपला. भाडेकरू तिसऱ्या वर्षीही तिथेच आहेत.

*

औंध

कुत्र्यांना एक वेळ नसबंदी आहे, कोकिळेला काय करणार? आमच्या आवारात आंबा. होळीच्या सुमारास पहाटे चारला सुरू, स्वर चढवत चढवत. नवीन भाडेकरू इंदूरचे. पहाटे चार दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाची चित्रफीत आणि खाली "सर, इसका कुछ कीजिए." मी काय करू, आंब्याला कुलूप लावू? जूनपर्यंत थांबा म्हटलं. थांबले बिचारे. (तो गाणारा नर असतो, हेही त्यांना लिहिलं. उत्तर आलं नाही.)

*

गुहागरजवळ

आम्ही वडिलोपार्जित घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. पहिल्या वर्षी जाहिरातीत मोठ्या हौसेने लिहिलं होतं, 'निवांत, शांत गाव'. शांत! शेजारच्या काकूंचा कोंबडा साडेतीनला पहिली बांग देतो, मग पलीकडच्या वाडीतला उत्तर देतो, मग ते दोघं उजाडेपर्यंत बोलत बसतात. मुंबईच्या एका पाहुण्यांनी निघताना वहीत अभिप्राय लिहिला: 'जेवण उत्तम. कोंबडा?' नुसतं प्रश्नचिन्ह.

काकूंना भीत भीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, तुझी माणसं इथे झोपायला येतात की समुद्र बघायला? नडत असेल तर कापते, घाल त्यांना रस्सा करून." नको म्हटलं. मग त्यांच्याच परवानगीने रात्री डालग्यावर जाड गोणपाट टाकून पाहिला, अंधार राहील म्हणून. साडेतीनला आतूनच आरवला, जरासा दबका. पुढे वाचनात आलं की जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हेच दाखवलंय: मंद उजेडात कोंडलेले कोंबडेसुद्धा अंगातल्या घड्याळावर वेळ धरून आरवतात. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतंच. इथे तर झाकलेलं कोंबडंही गप्प बसेना.

शेवटी पाहुण्यांचे पलंग पडवीलगतच्या खोलीतून माजघरात हलवले. मातीच्या दीड हाताच्या भिंती, त्या बाजूला एकही खिडकी नाही. आणि आता फोनवरच सांगतो: पहाटे कोंबडा, पावसात रात्रभर बेडूक, फणस पिकले की कौलांवर वानरं. वानरांनी कौलं फोडली तर ती आमची जबाबदारी, झोपमोड तुमची. दहातले दोन-तीन जण बेत रद्द करतात. जे येतात ते मात्र कुरकुरत नाहीत, उलट पोरं बेडकाची वाट बघत बसतात.

*

दादर

कबुतरं. जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. २०२५ च्या पावसाळ्यात महापालिकेने इथला कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा वाटलं सुटलो. पण आमच्या एसीच्या बाहेरच्या खोक्यामागची जोडी हललीच नाही. पहाटेपासून घू-घू आणि पत्र्यावर नखांचा आवाज, नेमका भाडेकरूच्या उशाशी. जाळी बसवा, आणि ती घर देण्याआधी बसवा. नंतर अंडी सापडतात आणि मग भाडेकरूची आई ती काढू देत नाही.

*

नागपूर

आमच्या लेआउटमध्ये बाजूचा प्लॉट रिकामा आहे. तिथे टिटवीने जमिनीवरच अंडी घातली, चार. रात्री कुत्रं, मांजर, माणूस काहीही जवळ गेलं की टीट-टीट-टिटिव, डोक्यावर घिरट्या. भाडेकरूच्या सासूबाई म्हणे, "टिटवी रडून राहिली, अपशकुन आहे, इथं नाही राहायचं." मी त्यांना टॉर्च घेऊन रात्री अंडी दाखवायला नेलं. खड्यांसारखीच ठिपकेदार, पायाखाली येतील इतकी बेमालूम. महिन्याभरात पिल्लं निघतात आणि लगेच चालायला लागतात, तेवढं थांबा म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून बाई स्वतःच कुत्र्यांना हाकलायला प्लॉटवर उभ्या!

*

श्टुटगार्टजवळ, जर्मनी

आम्ही भाडेकरू आहोत, चालेल ना? इथे घरमालकीणबाईंनी करारातच ओळ टाकली होती: शेजारी कोंबड्या व एक कोंबडा आहे, भाडेकरूला याची कल्पना आहे. सही करताना हसलो. नंतर कळलं बाई किती पक्की आहे. इथे घरात दोष असेल, त्रासदायक आवाजही त्यात येतो, तर भाडेकरू भाडं कापू शकतो. दिवाणी संहितेचं ५३६ वं कलम. पण करार करतानाच दोष माहीत असेल तर तो हक्क जातो. एका ओळीत कोंबडा आमच्या गळ्यात बांधला.

*

हडपसर

एवढं सगळं आधी सांगत बसलात तर घर जाणारच नाही, हेही कुणीतरी लिहा. एजंट चूक नाही.

*

कर्वेनगर, पुणे

हडपसरवाले दादा, दर पाच महिन्यांनी नवी दलाली, रंगकाम आणि करारनोंदणी. मांडा एकदा हिशोब.

*

वारजे (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. थोडी प्रगती.

चिकनवाल्याला पिंप दिला. निम्मे पैसे मी घातले, झाकण तो लावतो की नाही ते रोज गॅलरीतून बघायला जातो. महापालिकेला कळवलंय, गाडी अजून आलेली नाही.

आणि काल एजंटचा विरोध मोडून रात्री अकराला फ्लॅट दाखवला. नवरा-बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. मी रस्त्याकडच्या बेडरूमची खिडकी सताड उघडली, पंखा बंद केला आणि म्हटलं, ऐका. सगळे उभे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एक कुत्रं भुंकेल तर शपथ! खाली चिकन सेंटरच्या पायरीवर सगळी मुटकुळं करून झोपलेली. मी म्हणतोय, "अहो खरंच भुंकतात, रोज तीनला, आधीचे दोघं त्याच पायी गेले." नवरा बायकोकडे बघतोय. तिने एजंटला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काकांना दुसरी पार्टी मिळालीये का? आम्हाला द्यायचं नाहीये का?"

हजार रुपये कमी केले तेव्हा कुठे विश्वास बसला. शनिवारी अंगठ्याचं मशीन येतंय. करारात कुत्र्यांची ओळ टाकायला सांगितली, तर एजंट विचारतो, "किती लिहू, सात की आठ?"