कर्नल ५.४ वरून ५.१५: जुनी बायनरी हीपवरचा कोड चालवताना सेगफॉल्ट

जुनी_बायनरी:
मशीन एक्स८६-६४. बदललाय फक्त कर्नल. ग्लिबसी (सी लायब्ररी) तीच, बायनरीही तीच. सोर्स नसलेला ६४-बिट प्रोग्राम आहे, सूत्रांचा मशीन कोड रनटाइमला बनवून मॅलॉकने घेतलेल्या जागेतूनच (म्हणजे हीपवरून) चालवतो. सुरू होतो, इनपुट वाचतो आणि पहिल्याच सूत्राला पडतो. डीमेसेजमधल्या (कर्नलच्या लॉगमधल्या) सेगफॉल्टच्या ओळीत 'अ‍ॅट' आणि 'आयपी'चे पत्ते (कुठे अडलं आणि कुठली सूचना चालू होती ते) हुबेहूब एक, शेवटी 'एरर १५'. रीडएल्फमध्ये (बायनरीचे हेडर दाखवणारं साधन) जीएनयू_स्टॅकपुढे आरडब्ल्यूई (वाचणे + लिहिणे + चालवणे) दिसतं. ५.४ वर बूट केलं की निमूट चालतो. हा कर्नलचा बग का? आणि परत मागे न जाता चालवायचा कसा?

पानफॉल्ट:
बग नाही. तो १५ हेक्समधला आहे: १६ + ४ + १. १ म्हणजे पेज मेमरीत हजर होतं, ४ म्हणजे यूजर मोड, १६ म्हणजे सूचना उचलताना फॉल्ट. दोन्ही पत्ते एकच असण्याचं कारणही तेच. पेज आहे, पण त्यावर एक्झिक्यूटची परवानगी नाही.

आरडब्ल्यूई हा शिक्का फक्त 'स्टॅक एक्झिक्यूटेबल हवा' एवढंच मागतो. ५.८ च्या आधीचा कर्नल मात्र असा शिक्का दिसला की प्रोसेसला रीड_इम्प्लाइज_एक्झेक लावून मोकळा व्हायचा, म्हणजे वाचता येणारं प्रत्येक पान चालवताही येणार: हीप, साधे एममॅप (कर्नलकडून थेट घेतलेली मेमरी), सगळं. मागितली ओसरी, दिला अख्खा वाडा. २०२० साली ५.८ मध्ये हे आवरलं. आता ६४-बिटवर आरडब्ल्यूई असेल तर फक्त स्टॅक एक्झिक्यूटेबल होतो आणि जीएनयू_स्टॅक हेडरच नसेल तर काहीच होत नाही. ३२-बिटला हेडर नसेल तर अजून जुनाच खाक्या, सगळं एक्झिक्यूटेबल.

खात्री करायची तर प्रोसेस चालू असताना प्रॉकमधली पर्सनॅलिटी फाइल (प्रोसेसच्या वागणुकीचे बिट) बघा. ५.४ वर ००४००००० (रीड_इम्प्लाइज_एक्झेकचा बिट) दिसेल, ५.१५ वर सगळी शून्यं. तिथल्याच मॅप्स फाइलमध्ये (मेमरीच्या हद्दी आणि परवानग्या) हीपच्या ओळीतला एक्सही गेलेला असेल.

रात्रपाळी:
सेटआर्क -एक्स लावून चालवा. तो पर्याय हा बिट लावून प्रोग्राम सुरू करण्यासाठीच आहे.

पानफॉल्ट:
३२-बिटला चालेल, इथे नाही. ६४-बिट प्रोग्राम एक्झेक (सुरू) होताना एक्स८६ चा कर्नल तो बिट स्वतःच पुसतो. सेटआर्क एरर देत नाही, त्यामुळे लागलं असं वाटतं आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो.

बिट एक्झेकनंतर, प्रोसेसच्या आतूनच लावावा लागतो. छोटी एलडी_प्रीलोड लायब्ररी (प्रोग्रामसोबत जबरदस्तीने लोड होणारी) करा. तिच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (मेनच्या आधी आपोआप धावणारं फंक्शन) आधी पर्सनॅलिटीची चालू किंमत वाचा, त्यात हा बिट मिळवा आणि परत लावा. इथून पुढचे एममॅप आणि ब्रेक (हीप वाढवणारा कॉल) एक्झिक्यूटेबल होतील. पण इतर लायब्रऱ्यांचे कन्स्ट्रक्टर बहुधा आधीच धावलेले असतात आणि त्यांनी घेतलेली हीप जुन्याच परवानगीवर राहते. नेमका पहिला कोड तिथे पडला की परत तोच एरर १५. म्हणून त्याच कन्स्ट्रक्टरमध्ये मॅप्समधून हीपची हद्द वाचून तिला एकदा एम्प्रोटेक्टने (पानांची परवानगी बदलणारा कॉल) एक्झिक्यूटेबल करा. सेट-यूआयडी (मालकाच्या हक्कांनी चालणाऱ्या) बायनरीला हा प्रीलोड लागणार नाही. एसईलिनक्स (सक्तीचे सुरक्षा नियम) एन्फोर्सिंगमध्ये असेल तर एक्झेकहीपचा (हीप एक्झिक्यूटेबल करण्याचा) नकार येऊ शकतो, ऑडिट लॉग बघा.

हा सगळा जुगाड आहे, हे ध्यानात असू द्या. संरक्षण उघड्या डोळ्यांनी काढून टाकतोय, तेव्हा ती लायब्ररी याच एका प्रोग्रामपुरती लावा, सगळ्या सिस्टिमला नको.

कोरा_रजिस्टर:
खरा उपाय ज्यांच्याकडे सोर्स आहे त्यांच्याकडे. कोडसाठी मॅलॉक नकोच. एममॅपने वेगळी जागा घ्या (वाचणे + लिहिणे), कोड लिहा, मग एम्प्रोटेक्टने वाचणे + चालवणे करा. मॅलॉकच्या पॉइंटरवर थेट एम्प्रोटेक्ट मारणारे बरेच दिसतात: पत्ता ४०९६ च्या पटीत नसेल तर ईइन्व्हॅल (चुकीचं आर्ग्युमेंट) येतो, आणि खाली ओढून पटीत बसवला तर त्या पानावरच्या शेजारच्या डेटाचीही लिहिण्याची परवानगी जाते. मग प्रोग्राम भलत्याच फंक्शनमध्ये पडतो. आर्मवर लिहून झाल्यावर इन्स्ट्रक्शन कॅशे साफ करायला विसरू नका, एक्स८६ ला ते लागत नाही.

आरडब्ल्यूई शिक्का बहुतेक वेळा कोणी मागितलेला नसतो. हाताने लिहिलेल्या एखाद्या असेंब्ली फाइलमध्ये नोट.जीएनयू-स्टॅक हा रिकामा सेक्शन टाकायचा राहिला की लिंकर अख्ख्या बायनरीवर तो मारतो. बिनयुटिल्स २.३९ पासून त्याची वॉर्निंग येते. तो सेक्शन टाकणाऱ्या ओळीत आर्मवर @ ऐवजी % लिहायचं, कारण तिथे @ ने कॉमेंट सुरू होते.

एक्झेकस्टॅक -सी ने शिक्का खोडायच्या फंदात आत्ता पडू नका. हा क्रॅश हीपवरचा आहे, त्याने सुटणार नाही. आणि आत जीसीसीची नेस्टेड फंक्शनं असतील तर त्यांचे ट्रॅम्पोलिन (रनटाइमला बनणारे कोडचे छोटे तुकडे) स्टॅकवर असतात, तेही बंद पडतील.

जुनी_बायनरी:
सेटआर्कने खरंच फरक पडला नाही. प्रीलोड हाताने चालवल्यावर लागतो, पण सिस्टिमडीच्या सर्व्हिसमधून पर्सनॅलिटीच्या कॉलला ईपर्म (परवानगी नाही).

पानफॉल्ट:
सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये लॉकपर्सनॅलिटी=यस असणार, तो हाच कॉल अडवतो. जवळच मेमरीडिनायराइटएक्झिक्यूट=यस आहे का तेही पाहा. असेल तर पुढचा ईपर्म एम्प्रोटेक्टवर येईल. दोन्ही ड्रॉप-इन फाइलमध्ये (युनिटच्या सेटिंग बदलणारी जोडफाइल) फक्त याच सर्व्हिसला नो करा, डीमन-रीलोड करा आणि मग रीस्टार्ट.