स्टुडिओत कॅमेरा तीनवर : झूम करताच फोकस सुटतो, पॅनला झटका बसतो

विद्यार्थिनी, जळगाव
नमस्कार. मी पत्रकारितेच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. आमच्या स्टुडिओत कानबाईच्या (खानदेशातली लोकदेवता) गाण्यांवरचा वीस मिनिटांचा कार्यक्रम आम्ही तीन कॅमेऱ्यांवर, मध्ये न थांबता चित्रित करणार आहोत. पाच बायका बसून गाणार आहेत आणि माझ्याकडे तीन क्रमांकाचा कॅमेरा आहे. कालच्या तालमीत वाइड शॉटमध्ये फोकस अगदी नीट दिसत होता. मात्र दिग्दर्शकाने क्लोजअप मागताच मी झूम केले, तेव्हा मुख्य गायिकेचा चेहरा धूसर आणि मागच्या पडद्यावरची नक्षी लख्ख, असा प्रकार झाला. शिवाय पॅन (कॅमेरा आडवा वळवणे) सुरू करताना आणि थांबवताना झटका बसतो. सराव कसा करावा?

निवृत्त स्टुडिओ कॅमेरामन, धुळे
ताई, आपला क्रम उलटा झाला आहे. आधी पूर्ण झूम करून गायिकेच्या डोळ्यांवर फोकस जुळवावा आणि मग हवी तेवढी चौकट मोकळी करावी. वाइडमध्ये पुढचे-मागचे बरेचसे स्पष्ट दिसते, त्यामुळे चूक झाकली जाते. झूम केल्यावर स्पष्टतेची पट्टी अगदी अरुंद होते आणि तीच चूक उघडी पडते. गायिका पुढे सरकली किंवा आपण पेडेस्टल (कॅमेऱ्याचा चाकांचा स्टँड) हलवले, तर जुळवणी पुन्हा करावी लागते.

पॅनचा झटका बहुधा पायांमुळे बसतो. जिथे थांबायचे आहे त्या दिशेला पावले रोवून उभे राहावे आणि कमरेतून वळून सुरुवातीच्या चौकटीवर यावे. म्हणजे पॅन करताना अंगाचा पीळ सुटत जातो आणि शेवटी शरीर आपोआप स्थिर होते. ड्रॅग, म्हणजे हेडचा (कॅमेरा ज्यावर वळतो त्या भागाचा) रोध, आपल्या हाताला मानवेल इतका ठेवावा. हेड जागीच घट्ट धरणारे लॉक अर्धवट आवळून त्याचे काम ड्रॅगसारखे करून घेण्याची खोड अनेक विद्यार्थ्यांना असते. त्याने हेड खराब होते आणि पॅनही अडखळतो.

माजी विद्यार्थी, भुसावळ
माझी चूक वेगळी होती. टॅलीचा लाल दिवा (आपलाच शॉट सध्या घेतला जात आहे, ही खूण) लागलेला असतानाच मी पुढचा शॉट शोधायला निघालो आणि ती सगळी भिरभिर रेकॉर्ड झाली. दिवा विझला की ऑपरेटरचे खरे काम सुरू होते : चौकट शोधायची, फोकस पाहायचा आणि शॉट तयार ठेवायचा. ‘तीन, तयार राहा’ असे टॉकबॅकवर (दिग्दर्शकाच्या सूचना कानात ऐकवणारी यंत्रणा) ऐकू येईपर्यंत थांबलात, तर उशीर झालाच म्हणून समजा. गाण्यात तर कान ठेवावाच लागतो. मुख्य गायिकेची ओळ संपत आली की झील धरणाऱ्या (मागून साथ देणाऱ्या) बायकांचा शॉट हाताशी हवा. (तालमीला त्या बायकांनाही बोलवा, रिकाम्या खुर्च्यांवर केलेला सराव आम्हाला तरी फारसा उपयोगी पडला नाही.)

विद्यार्थिनी, जळगाव
आपणा दोघांचे आभार. आज पावलांची युक्ती करून पाहिली, पॅन बराच सुधारला. मात्र एक अडचण उरली आहे : पूर्ण झूमवर डोळे स्पष्ट दिसतात, पण चौकट मोकळी केली की चित्र मऊ पडते.

निवृत्त स्टुडिओ कॅमेरामन, धुळे
मग यात आपला दोष नाही, लेन्सचा बॅक फोकस (लेन्स आणि सेन्सर यांच्यातल्या अंतराची जुळवणी) हलला असावा. त्याची लेन्सवरची कडी स्वतः फिरवू नये. तालमीआधी स्टुडिओच्या तंत्रज्ञाकडून जुळवून घ्यावी आणि बाकीचे दोन कॅमेरेही त्याच वेळी तपासून घ्यावेत.