मागाच्या आवाजात वाढलेल्यांनो, या! (अनुभव धागा)

कांडीवाल्याची_पोर

काल रात्री शेजारच्या बिल्डिंगचा जनरेटर बिघडला आणि तासभर खटाक्-खटाक् करत चालला. सोसायटीच्या ग्रुपवर नुसती जुंपली होती. आणि मी? इतकी गाढ झोपले की सकाळी नवऱ्याने हलवून उठवलं.

मी सोलापूरची, पूर्व भागातली. आमच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग होते. माग चालू असताना बाळं झोपायची, लाइट गेली की गल्ली एकदम मुकी व्हायची आणि पाळण्यातली सगळी पोरं एका सुरात भोकाड पसरायची. नान्ना (वडील) जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादरी काढायचे. घरी यायचे तेव्हा भुवयांवर सुताचं तूस. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, पलीकडच्या बोळात कन्नड. भांडण मात्र तिन्ही भाषांत, शिव्या कुठल्या जास्त लागतात ते बघून.

जेकार्डच्या जुन्या पट्ट्या, त्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या, आमची खेळणी. उन्हात धरल्या की भिंतीवर ठिपके पडायचे. चादरीवरचा मोर नेमका कुठल्या भोकांत बसलाय ते शोधायचो. कधी सापडला नाही. आणि गटार! रंगाच्या कारखान्यातलं पाणी उघड्यावर. आज लाल, उद्या हिरवं. शाळेत जाताना त्यावर पैजा.

आता त्या खोलीत शिलाई मशीन आहेत, शाळेचे युनिफॉर्म शिवतात. तुमच्या गल्लीत काय होतं? सोलापूरच पाहिजे असं नाही.

भोंगा

आयडी बघूनच कळलं असेल :) आमचं घर लक्ष्मी-विष्णू मिलच्या बाजूला. भिंतीवरचं घड्याळ कायम बंद, कुणाचं काही अडलं नाही. पहिल्या भोंग्याला आई चूल पेटवायची, दुसऱ्याला आप्पा डबा घेऊन दाराबाहेर. आजोबा जुनी मिलमध्ये. १८७७ ची गिरणी ती, पुढच्या गिरण्या आल्या म्हणून ही 'जुनी'. त्यांच्या डोक्यात तीच एक खरी मिल, बाकीच्या सगळ्या 'कालच्या'.

मिल बंद पडली तेव्हा आप्पा रोज त्याच वेळेला डबा घेऊन निघत राहिले. कुठे जायचे कुणी विचारलं नाही. नंतर कळलं, गेटासमोरच्या हॉटेलात बसायचे, सगळेच. हॉटेलवाल्याने चहाची उधारी लिहिणं सोडून दिलं होतं म्हणे.

का_बे

पूर्ण वाचलो बे. ऑफिसात बसून वाचायलोय. साहेब विचारला डोळ्याला काय झालं, म्हटलं एसी लागला.

चिमणीपाखरू

१५ जून २०२३ ला चिमणी पाडली तेव्हा मी मोबाईलवर बघत होते. काही सेकंदांत खाली. लहानपणापासून गावाकडून येताना ती दिसली की सोलापूर आलं असं वाटायचं.

भोंगा

@चिमणीपाखरू ती सिद्धेश्वर साखर कारखान्याची हो, गिरणीची नाही. विमानतळासाठी पाडली.

चिमणीपाखरू

माहितेय. पण चिमणी ती चिमणी. आता विमान उडतं तर माझा भाऊ म्हणतो ताई विमानाने ये. मी म्हटलं आधी नळाला पाणी रोज येऊ दे, मग विमानाने येते.

सुपावरची

मी जरा वेगळं लिहिते, राग मानू नका.

माग, चादरी, रंगीत गटार, सगळं छान लिहिलंय. आमच्या घरात माग नव्हता. आई विड्या वळायची. रात्री पानं भिजवून गोणपाटात गुंडाळायची. सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. बोटं बघायची नाहीतच, ती माझ्याकडे बघून पाढे म्हणून घ्यायची आणि हात आपले चालू. आम्हा बहिणींचं काम विड्यांची तोंडं दुमडायचं. शाळेत माझ्या वहीला तंबाखूचा वास यायचा, शेजारची मुलगी बाकावर सरकून बसायची. ती मागवाल्यांची होती. (तू नव्हेस ना गं @कांडीवाल्याची_पोर?)

संध्याकाळी कारखान्यात विड्या द्यायला जायचं. तिथला माणूस जुडी हातात घेऊन नुसता दाबून बघायचा आणि 'छाट' म्हणून बाजूला टाकायचा. छाटीचे पैसे नाहीत. पण छाटलेल्या विड्या परत पण नाहीत! त्या कुठे जायच्या ते आईला पक्कं माहीत होतं, बोलायची सोय नव्हती. हजार विड्या व्हायला दिवस जायचा. त्यातून छाट वजा.

विडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळायची, त्यावर मी शिकले हेही खरं. आईचं ओळखपत्र अजून माझ्याकडे आहे. फोटोत ती तिशीची आहे आणि पन्नाशीची दिसते. खोकला शेवटपर्यंत होता.

म्हणून त्या गल्लीची मला आठवण येते, पण परत जावंसं नाही वाटत.

कांडीवाल्याची_पोर

@सुपावरची राग कसला गं. माझी अव्वा पण वळायचीच, आमचे माग पण मालकाचेच होते, नान्ना मजूर. आम्ही 'मागवाले' वगैरे काही नव्हतो. बाकावर सरकणारी मी नव्हते बहुतेक. तुझी कुठली शाळा?

सुपावरची

व्यनि (खासगी निरोप) केलाय :)

इचलकरंजीकर

आमच्याकडे पण सेम. फक्त तुम्ही चादर, आम्ही धोतर-साडी. मागाचा धोटा सटकला की गोळीसारखा यायचा, काकांच्या कपाळावर खूण आहे. ते सगळ्यांना क्रिकेटमध्ये लागलं सांगतात. काकूला पण लग्नाआधी तेच सांगितलेलं.

का_बे

काकू अजून नांदतात का बे?

इचलकरंजीकर

चांगल्या नांदतात. काकाच जरा दबून असतात.

बाराबंदी

तुम्ही गड्ड्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, सात नंदीध्वज (उंच सजवलेल्या काठ्या), सगळीकडे पांढऱ्या बाराबंदीतली माणसं. अक्षतेच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या लग्नाच्या दिवशी संमती कट्ट्यावर मुंगी शिरायला जागा नाही. आमचे आप्पा कधी कुणापुढे वाकले नाहीत, पण नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या पायावर घागरभर पाणी ओतताना मी त्यांना बघितलंय. होम मैदानावर पाळणे, मौत का कुआँ, आणि त्या वासात तळलेली भजी. वर्षभर साठवलेले पैसे एका संध्याकाळी उडवायचे आणि दुसऱ्या दिवशी आईचा मार.

आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ. आणि नवरात्रात बतकम्मा, तेलुगू बायकांचा फुलांचा सण. आमच्या लिंगायत घरातल्या पोरी पण तेलुगू मैत्रिणींबरोबर फेर धरायला जायच्या. गाणी तोंडपाठ, अर्थ शून्य.

चिमणीपाखरू

अर्थ शून्य +१. तेलुगू सिनेमे पण तसेच बघितले. फायटिंगला भाषा लागत नाही.

घरकुल_क्रमांक_नाही_सांगणार

आम्ही २००६ ला कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलात गेलो. विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरं, कामगार नेते आडम मास्तरांच्या मागे कित्येक वर्षं मोर्चे काढून मिळालेली. माझी आई प्रत्येक मोर्चाला. लाल साडी त्यासाठीच ठेवलेली. घरात स्वतःचा संडास, हे बघून ती दार उघड-बंद करत बसली होती.

पण माळावर घर. सुरुवातीला संध्याकाळ झाली की ती जुन्या गल्लीत पळायची. विड्या द्यायचं निमित्त. खरं म्हणजे शेजारणीशी भांडल्याशिवाय तिला जेवण जायचं नाही. मग ती शेजारीण पण घरकुलात आली, दोन गल्ल्या सोडून. आता दोघींचे गुडघे गेलेत, फोनवर भांडतात. व्हिडिओ कॉलवर. हात नाचवलेले दिसायला पाहिजेत ना.

धाकटा मावसभाऊ आता कामगारांच्या नव्या वसाहतीत, रे नगरला, २०२४ ला चाव्या मिळालेल्यांत.

लालबागचा_जावई

मी मुंबईच्या गिरणगावातला. १८ जानेवारी १९८२, गिरणी कामगारांचा संप. वडील म्हणाले पंधरा दिवसांत मिटतंय, तोवर गावी जाऊन येऊ. शाळेचा दाखला मागवला तेव्हा मला कळलं की आपण आता साताऱ्याचे. बाकी सवडीने लिहीन, आता लेकीला क्लासला सोडायचंय.

भोंगा

@लालबागचा_जावई नक्की लिहा. वाट बघतोय.

का_बे

शेंगा चटणी कुरिअरने मागवली तर तेल सुटतं का बे? पुण्यात मिळते ती मिक्सरमधली, भुसा नुसता.

सुपावरची

@का_बे डब्यात घालून वर प्लॅस्टिक गुंडाळायला सांग. आणि कांडलेली मागव, उखळातली. सोबत कडक भाकरी घे, महिनाभर राहते. पत्ता व्यनि करते.

बाराबंदी

पत्ता मला पण.